अंदमानात पहिल्यांदा स्कूबा : इंदूरहून निघण्याआधी काय ठरवून घ्यावं

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुमचं वय ४६, पोहता येत नाही, आणि डोकं पाण्याखाली गेलं की जीव घाबरा होतो. यजमान ५१ वर्षांचे, रक्तदाबाची गोळी रोज चालू. मुलगा १३ वर्षांचा, नेहरू पार्कच्या तरणतलावावर नियमित पोहतो आणि त्याला ‘पूर्ण कोर्स’च करायचा आहे. डिसेंबरच्या सुट्टीत सहा रात्री अंदमानला जायचं ठरतंय. एजंटने आराखडा दिलाय तो असा : एक रात्र पोर्ट ब्लेअर, दोन हॅवलॉक बेटावर, एक नील बेटावर, परत दोन पोर्ट ब्लेअर, त्यात एक दिवस बाराटांग, आणि परतीच्या दिवशी सकाळी पोर्ट ब्लेअरजवळच्या नॉर्थ बेला स्कूबा (पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली उतरणं) करून दुपारचं विमान. हे जमेल का, आणि तिघांनाही पाण्यात उतरता येईल का, असं तुम्ही विचारलंय.

बहुधा तिघांनाही उतरता येईल. पण हा आराखडा तसाच ठेवू नका. सगळ्यात आधी तो शेवटचा दिवस बदला, कारण सकाळी स्कूबा आणि दुपारी विमान हे कुठल्याही परिस्थितीत करायचं नाही.

कारण समजून घ्या, म्हणजे एजंटने ‘सगळेच करतात हो’ म्हटलं तरी तुम्ही डळमळणार नाही. पाण्याखाली आपण दाबाखालची हवा श्वासात घेतो. त्या हवेतला नायट्रोजन नेहमीपेक्षा जास्त प्रमाणात रक्तात आणि पेशींत विरघळतो आणि वर आल्यावर हळूहळू, काही तासांत, श्वासावाटे बाहेर पडतो. विमानाच्या आत हवेचा दाब जमिनीइतका नसतो. आपण साधारण दोन हजार ते चोवीसशे मीटर उंचीच्या डोंगरावर बसावं इतका तो उतरतो. शरीरात नायट्रोजन शिल्लक असताना दाब असा उतरला, तर त्याचे बुडबुडे होऊ शकतात. सांधे दुखणं, हातापायांना मुंग्या येणं इथपासून ते पाय लुळे पडण्यापर्यंत याचे परिणाम होतात. डायव्हर्स अलर्ट नेटवर्क ही या विषयात काम करणारी संस्था एकाच साध्या डाइव्हनंतर किमान १२ तास, आणि अनेक डाइव्ह किंवा सलग काही दिवस डाइव्ह केले असतील तर किमान १८ तास विमान टाळायला सांगते. मी माझ्याबरोबर येणाऱ्यांना पूर्ण २४ तास ठेवायला लावते. तुम्हाला इंदूरला पोहोचायला चेन्नई, कोलकाता किंवा हैदराबादला विमान बदलावं लागणार, म्हणजे एकाच दिवसात दोनदा त्या कमी दाबात बसायचं. त्यामुळे या २४ तासांत मी तडजोड करत नाही. ‘आपण फक्त आठ-दहा मीटरच गेलो होतो’ हे कारणही चालत नाही.

म्हणून सहलीची आखणी उलट्या बाजूने करा. परतीचं विमान धरा, त्याच्या आदला अख्खा दिवस कोरडा ठेवा, आणि तो दिवस पोर्ट ब्लेअरला घालवा. (२०२४ पासून शहराचं अधिकृत नाव श्री विजयपुरम झालंय. हॅवलॉक आणि नील २०१८ मध्ये अनुक्रमे स्वराज द्वीप आणि शहीद द्वीप झाले. तिकिटांवर जुनी-नवी दोन्ही नावं दिसतात, गोंधळू नका.) या कोरड्या दिवसाचं सोनं करता येतं : सेल्युलर जेल सावकाश बघा. मूळच्या सात इमारतींपैकी आता तीनच उभ्या आहेत, पण सावरकरांची कोठडी, फाशीघर, संध्याकाळचा ध्वनिप्रकाश कार्यक्रम हे घाईत उरकायची गोष्ट नाही. तेरा वर्षांच्या मुलाला तर हे नीट दाखवायलाच हवं. शिवाय हवामान बिघडलं की हॅवलॉकच्या फेरीबोटी रद्द होतात. शेवटची रात्र पोर्ट ब्लेअरला असली की विमान चुकण्याची धास्ती राहत नाही.

मग सहा रात्रींची वाटणी अशी होते : पहिली पोर्ट ब्लेअर, मधल्या चार हॅवलॉक, शेवटची पोर्ट ब्लेअर. नील आणि बाराटांग या खेपेला सोडा. नील फार सुंदर आहे, मला मान्य आहे. पण प्रत्येक बेट वाढवलं की सामान बांधणं, जेट्टीवर थांबणं, बोटीत दीड-दोन तास, नवीन हॉटेल यात एक दिवस जातो. आणि पहिल्यांदा पाण्यात उतरणाऱ्याला सगळ्यात जास्त गरज असते ती सवडीची. आज कान दुखला तर उद्या परत प्रयत्न करता यावा, आज भीती वाटली तर उद्या सकाळी उथळ पाण्यात पुन्हा बसता यावं, आज वारा असेल तर परवा जाता यावं. दोन रात्रींच्या मुक्कामात स्कूबासाठी एकच सकाळ मिळते. त्या सकाळी जमलं नाही तर ‘आपल्याच्याने होत नाही’ असा शिक्का माणूस स्वतःवर मारून घेतो आणि आयुष्यभर परत उतरत नाही. चांगल्या धडधाकट माणसांचं असं झालेलं मी पाहिलंय, आणि दर वेळी हळहळ वाटते, कारण त्यांना अजून एक सकाळ मिळाली असती तर बहुतेकांचं जमलं असतं.

आता महिना. डिसेंबरच्या शेवटी तिकिटं आणि हॉटेलं महाग, डाइव्ह सेंटरवर झुंबड, आणि ईशान्य मोसमी वाऱ्यांमुळे काही दिवस समुद्र खवळलेला असू शकतो. नवख्यांसाठी फेब्रुवारी ते एप्रिल हा काळ मला जास्त आवडतो : पाणी बहुधा संथ आणि तापमान २७ ते ३० अंशांच्या आसपास. तुमच्या मुलाची वार्षिक परीक्षा मार्चच्या मध्यापर्यंत संपत असेल आणि नवीन सत्र एप्रिलच्या सुरुवातीला असेल, तर मधले आठ-दहा दिवस अगदी योग्य. रंगपंचमीची गेर, म्हणजे इंदूरची रंगांची मिरवणूक, चुकवायची नसेल तर तेवढी तारीख पंचांगात बघून घ्या. डिसेंबरच ठरलं असेल तरी हरकत नाही, फक्त हॅवलॉकच्या चार रात्री कमी करू नका.

तुम्ही लक्षद्वीप आणि मालदीवचंही विचारलंय. लक्षद्वीपचे लगून (प्रवाळांनी अडवलेलं उथळ, शांत पाणी) पहिल्या डाइव्हसाठी अतिशय सुरेख, पण तिथे भारतीयांनाही प्रवेशपरवाना लागतो आणि बरीचशी वाहतूक कोचीवरून, त्यामुळे तयारी बरीच आधी सुरू करावी लागते. मालदीव खर्चिक. अंदमानात पोर्ट ब्लेअर, हॅवलॉक, नील यांसाठी भारतीयांना परवाना लागत नाही आणि डाइव्ह सेंटरं भरपूर आहेत. पहिल्या सहलीला हेच बरं.

तिकिटं काढण्याआधी मात्र डॉक्टर. स्कूबासाठी एक ठरावीक वैद्यकीय प्रश्नावली असते आणि जगभरातली सेंटरं थोड्याफार फरकाने तीच वापरतात. तीत दमा, फिट येणं, हृदयविकार, फुप्फुसाला छिद्र पडून गेलेलं असणं, कानाची शस्त्रक्रिया, मधुमेह, गर्भारपण असे प्रश्न असतात. वय ४५ च्या वर असेल तर धूम्रपान, कोलेस्टेरॉल, रक्तदाब आणि घरात कमी वयात हृदयविकार होता का हेही विचारतात. तुम्ही दोघंही या वयात बसता. गंभीर प्रश्नांपैकी एकाचं जरी उत्तर ‘हो’ आलं, तरी डॉक्टरांची लेखी संमती लागते. ही प्रश्नावली सेंटरकडून आत्ताच मागवा, छापून घ्या आणि इंदूरमध्येच तुमच्या नेहमीच्या फिजिशियनना दाखवा. बेटावर पोहोचल्यावर सकाळी सहा वाजता सही करणारा डॉक्टर शोधायची वेळ आली, की लोक नाइलाजाने सगळीकडे ‘नाही’ वर खूण करतात. हे कृपा करून करू नका.

यजमानांबद्दल जरा सविस्तर लिहिते. रक्तदाब गोळीने नीट ताब्यात असेल, हृदयावर किंवा मूत्रपिंडावर परिणाम झालेला नसेल आणि दोन-तीन मजले चढून दम लागत नसेल, तर डॉक्टर बहुधा परवानगी देतात. पण गोळी कोणती, हे महत्त्वाचं आहे. बीटा ब्लॉकर गटातली औषधं नाडीचा वेग वाढू देत नाहीत, त्यामुळे प्रवाहात जोर लावायची वेळ आली तर शरीर कमी पडू शकतं. लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांनी शरीरातलं पाणी कमी होतं, आणि डाइव्हच्या दिवशी ते भरपूर असायला हवं. आणखी एक गोष्ट पुष्कळ डॉक्टरांच्याही सहज लक्षात येत नाही, कारण त्यांच्याकडे डाइव्ह करणारे रुग्ण फारसे येत नाहीत : गळ्यापर्यंत पाण्यात शिरलं की हातापायांतलं रक्त छातीकडे सरकतं आणि हृदयावरचा भार वाढतो. वाढलेल्या रक्तदाबाच्या माणसाच्या फुप्फुसांत अशा वेळी पाणी साचण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. म्हणून गोळीचं नाव कागदावर लिहून न्या आणि ‘पाण्यात बुडलेल्या अवस्थेत व्यायाम करायचाय’ असं स्पष्ट सांगून ईसीजी, गरज वाटली तर स्ट्रेस टेस्ट, यावर त्यांचं मत घ्या. गोळी मनाने बंद करायची नाही आणि वेळही चुकवायची नाही. डॉक्टर नको म्हणाले तर काचेच्या तळाची बोट आहे, लाइफ जॅकेट घालून अगदी उथळ पाण्यात स्नॉर्कलिंग (तोंडात श्वासाची नळी धरून, वर तरंगत खाली बघणं) आहे. मात्र स्नॉर्कलिंगचंही डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

आता तुमची भीती. डोकं पाण्याखाली गेलं की घाबरायला होतं, असं तुम्ही लिहिलंत. माझ्याकडे येणाऱ्या पोहता न येणाऱ्यांपैकी जवळजवळ सगळे हेच सांगतात, आणि नीट विचारलं तर त्यातल्या बहुतेकांची खरी अडचण नाकात पाणी जाण्याची असते. जन्मभर आपण नाकाने श्वास घेत आलो. मास्कने नाक झाकलं आणि तोंडाने श्वास घ्यायला सांगितलं, की शरीर विरोध करतं. त्यात मास्कमध्ये थोडं पाणी शिरलं की ते नाकाला लागतं आणि माणूस धडपडत वर येऊ बघतो. पहिल्या डाइव्हवर जे घाबरतात त्यांच्या घाबरण्याचं मूळ बहुतेक वेळा या चार थेंबांत असतं. चांगली गोष्ट अशी, की याचा सराव इंदूरमध्येच, चार फूट पाण्यात उभं राहून होतो.

बऱ्यापैकी मास्क आणि स्नॉर्कल विकत घ्या. मास्क घेताना पट्टा न लावता तो चेहऱ्यावर टेकवा आणि नाकाने हलकेच हवा आत ओढा. हात सोडल्यावर मास्क चिकटून राहिला तर तो तुमच्या चेहऱ्याचा. तलावाच्या उथळ बाजूला कठडा धरून, पाय टेकवून, तोंडात स्नॉर्कल घेऊन फक्त चेहरा पाण्यात घाला. पोहायचं नाही, हलायचंही नाही. तोंडाने श्वास आत आणि सावकाश, लांबवत बाहेर. बाहेर सोडणं लांबवलं की छातीतली धडधड आपोआप उतरते. पाच मिनिटं असं शांतपणे जमायला लागलं की पुढची पायरी : मास्क काढा, स्नॉर्कल तोंडातच ठेवा आणि उघड्या नाकाने चेहरा पाण्यात घाला. पहिल्यांदा नाकात पाणी जाईल, ठसका लागेल, उभ्या राहा आणि परत करा. नाकातून थोडी हवा सोडत राहिलं की पाणी आत येत नाही, आणि काही वेळाने नाक नुसतं उघडं ठेवून तोंडाने श्वास घेता येतो. हे ज्या दिवशी जमेल त्या दिवशी तुमची निम्मी भीती गेलेली असेल. शेवटी मास्क घालून त्यात मुद्दाम थोडं पाणी घ्या, वरची कड बोटांनी कपाळाशी दाबा, मान किंचित वर करा आणि नाकाने फुंकर मारा. पाणी खालून निघून जातं. हाच प्रकार समुद्रात तुमच्याकडून करून घेतील.

हा सराव पाऊस सरल्यावर लगेच सुरू करा, कारण थंडीत उघड्यावरच्या तलावांचं पाणी फार गार पडतं आणि शरीर आखडतं. शेजारी कुणीतरी जाणतं हवंच, एकटीने नाही. आणि सराव नर्मदेत नको. महेश्वर-ओंकारेश्वरला घाटावर पाणी कितीही शांत दिसलं, तरी वरच्या धरणातून सोडलं की पातळी आणि ओढ दोन्ही अचानक वाढतात.

दुसरी तयारी कानांची. पाण्यात दर दहा मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो, म्हणजे दहा मीटरवर तो पृष्ठभागाच्या दुप्पट होतो. पडद्यामागची हवा दबते, पडदा आत ओढला जातो आणि कान दुखतो. महू-मंडलेश्वर रस्त्याने जाम घाट उतरताना कानाला दडे बसतात ना, तोच हा प्रकार. फरक एवढाच, की पाच-सहाशे मीटरचा अख्खा घाट उतरून जितका दाब वाढतो तितका पाण्यात अर्ध्या-पाऊण मीटरवरच वाढलेला असतो. म्हणून कान मोकळे करायला सुरुवात डोकं पाण्याखाली जाताक्षणी करायची, दुखायची वाट पाहायची नाही. नाक चिमटीत धरून तोंड मिटून अगदी हलके फुंकायचं, किंवा नाक धरूनच आवंढा गिळायचा. हातभर खाली, की एकदा. जोर लावायचा नाही. कान मोकळा झाला नाही तर इन्स्ट्रक्टरला कानाकडे बोट दाखवायचं, थोडं वर यायचं, परत प्रयत्न करायचा. घरी रोज सकाळी आरशासमोर हे करून बघा. एखादा कान हट्टी असेल तर आत्ताच कळेल आणि कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जायला वेळ राहील. सर्दी असेल तर डाइव्ह रद्द, मग कितीही पैसे भरलेले असोत. नाक मोकळं करणारी गोळी घेऊन उतरलं आणि तिचा असर पाण्याखालीच संपला, तर वर येताना अडकलेली हवा फार त्रास देते.

एक नियम तिघांनीही पाठ करा : श्वास कधीही रोखायचा नाही. दहा मीटरवर फुप्फुसभर घेतलेली हवा पृष्ठभागावर येईपर्यंत दुप्पट जागा मागते. श्वास चालू असेल तर ती निघून जाते, रोखलेला असेल तर फुप्फुसाला इजा होते, आणि ती अगदी दीड-दोन मीटरवरून झपकन वर आल्यानेही होऊ शकते. पोहणाऱ्या मुलांना श्वास रोखायची सवय असते, त्यामुळे तुमच्या लेकाला हे दोनदा सांगा.

आता कोर्स की नुसता अनुभव. पाण्याची ओळख करून देणारा जो डाइव्ह असतो, ज्याला डीएसडी (डिस्कव्हर स्कूबा डायव्हिंग) म्हणतात, त्यासाठी पोहता येणं बंधनकारक नाही. इन्स्ट्रक्टर पूर्ण वेळ तुम्हाला धरून असतो आणि खोली जास्तीत जास्त १२ मीटर. तुम्ही आणि यजमानांनी हाच करावा, पण एक नाही, दोन. वेगवेगळ्या दिवशी, शक्यतो त्याच इन्स्ट्रक्टरबरोबर. पहिल्या डाइव्हमध्ये बहुतेकांचं सगळं लक्ष स्वतःच्या श्वासाकडे असतं. मासे खऱ्या अर्थाने दिसतात ते दुसऱ्यात.

मुलाची गोष्ट वेगळी. त्याला हवा असलेला पूर्ण कोर्स, म्हणजे ओपन वॉटर कोर्स, दहाव्या वर्षापासून करता येतो. १५ पूर्ण होईपर्यंत ‘ज्युनियर’ प्रमाणपत्र मिळतं. बारा ते चौदा वयात १८ मीटरपर्यंत जाता येतं, पण सोबत प्रमाणपत्रधारक मोठं माणूस हवं. तुम्ही दोघं प्रमाणपत्रधारक नसाल, तर पुढच्या प्रत्येक डाइव्हला त्याच्यासाठी वेगळा व्यावसायिक डायव्हर ठरवावा लागेल, हे आधीच लक्षात घ्या. कोर्ससाठी २०० मीटर न थांबता पोहणं आणि १० मिनिटं तरंगणं लागतं. पूर्ण कोर्स बेटावर केला तर तीन-चार दिवस जातात. त्याऐवजी पुस्तकी भाग आणि तलावातला भाग इथे उरकून, तशी नोंद असलेला कागद घेऊन गेलात, तर तिथे समुद्रातले चार डाइव्ह दोन दिवसांत होतात आणि उरलेले दिवस तो तुमच्याबरोबर राहतो. मात्र तलावातला भाग आणि समुद्रातला भाग एकाच संस्थेच्या पद्धतीचा हवा. इथे पाडी आणि तिथे एसएसआय (प्रमाणपत्र देणाऱ्या या दोन वेगळ्या संस्था) असं असेल तर ते सेंटर हा कागद मानेल का, हे आधी लेखी विचारा.

सेंटर निवडताना भाव शेवटी विचारा. आधी विचारा की एका इन्स्ट्रक्टरकडे पाण्यात एका वेळी किती जण असतील. तुमच्या बाबतीत उत्तर ‘एक’ असायला हवं. मग विचारा की उथळ पाण्यात सराव किती वेळ करून घेता. पाच मिनिटांत उरकणाऱ्यांकडे जाऊ नका. बोटीवर किंवा किनाऱ्यावर आपत्कालीन ऑक्सिजन आहे का, जवळचं रीकम्प्रेशन चेंबर (बुडबुड्यांच्या त्रासावर पुन्हा दाबाखाली ठेवून उपचार करायची खोली) कुठे आणि तिथे कसं नेणार, हेही विचारा. चांगलं सेंटर या प्रश्नांनी दुखावत नाही, उलट खूश होतं. पहिला डाइव्ह बोटीवरून नको, किनाऱ्यावरून चालत जाऊन करायचा आहे, असं सांगा. हॅवलॉकला नेमो रीफ त्यासाठी सोयीचं आहे : कमरेइतक्या पाण्यात उभं राहून सराव होतो आणि हळूहळू उतरत जाता येतं. द वॉल, जॉनीज गॉर्ज ही डाइव्हच्या जागांची नावं फोटोंखाली वाचून मुलगा हट्ट धरेल. जॉनीज गॉर्ज खोल आहे, प्रमाणपत्र मिळाल्यावरही लगेच जायची जागा नाही.

वेळ सकाळची घ्या. घड्याळ आपलंच असलं तरी अंदमान खूप पूर्वेला आहे. मार्चमध्ये साडेपाचच्या आत उजाडतं आणि संध्याकाळी साडेपाचला अंधारून येतं. हॅवलॉकच्या पूर्व किनाऱ्यावर ओहोटीला पाणी लांबवर आत जातं, त्यामुळे नेमकी वेळ भरती-ओहोटी पाहून सेंटरच ठरवतं. आदल्या रात्री लवकर झोपा, दारू अजिबात नको. सकाळी पोहे-जलेबीची सवय असली तरी त्या दिवशी केळं, टोस्ट असं हलकं काही घ्या आणि पाणी भरपूर प्या. बोट लागत असेल तर उलटीची गोळी आधी घरी एकदा घेऊन बघा. सुस्ती येत असेल तर ती घेऊन डाइव्ह करू नका.

काही लहानसहान गोष्टी. केस घट्ट बांधा. एक बट मास्कखाली आली तरी पाणी शिरतं. यजमानांच्या मिशांनीही शिरतं, त्या वरच्या ओठाजवळ थोड्या कातरल्या तर बरं. चष्मा असेल तर नंबरचा मास्क मिळेल का ते आधी विचारा. अंगभर घट्ट पूर्ण बाह्यांचा रॅशगार्ड आणि लेगिंग्ज घाला, ऊनही लागत नाही आणि सनस्क्रीनही कमी लागतं. पाळीच्या दिवसांत डाइव्ह करायला हरकत नाही, अंगात त्राण असलं म्हणजे झालं. रोख रक्कम जवळ ठेवा, नेटवर्कवर विसंबू नका. प्रवासविम्यात साहसी खेळ वगळलेले नाहीत ना, हे पॉलिसीत वाचा. समुद्रकिनाऱ्यावर मगरींची सूचना लावलेली असेल तिथे पाण्यात उतरू नका. अंदमानात खाऱ्या पाण्यातल्या मगरी खरोखर आहेत.

पाण्याखाली बोलता येत नाही, म्हणून खुणा. अंगठा आणि तर्जनीचा गोल म्हणजे ठीक. नुसता अंगठा वर म्हणजे ‘वर चला’. घरी सगळं छान सांगायला आपण अंगठा दाखवतो, तो तिथे दाखवलात तर डाइव्ह संपेल. पंजा डावी-उजवीकडे हलवणं म्हणजे काहीतरी बिनसलंय, आणि मग बिनसलेल्या जागेकडे बोट. या खुणा तिघंही आठवडाभर जेवताना वापरा.

खाली गेल्यावर सगळं जवळ आणि साधारण एक-तृतीयांशाने मोठं दिसतं. लाल रंग काही मीटरमध्येच विझतो, त्यामुळे फोटोंतले भडक रंग शोधत बसू नका. नेमो रीफला समुद्रफुलाच्या भुजांत लपणारे क्लाऊनफिश दिसतील, प्रवाळ कुरतडणाऱ्या पोपटमाशाच्या दातांचा आवाज येईल. लायनफिश दिसला तर लांबूनच पाहा, त्याचे काटे विषारी असतात. कशालाही हात लावू नका, पायही टेकवू नका. १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये समुद्र तापून अंदमानातले प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडले; काही जागा आता कुठे सावरतायत. बोटभर वाढायला त्यांना वर्षं लागतात आणि आपल्या पायातल्या फिनच्या (पोहायच्या पंखाच्या) एका फटक्यात ते तुटतात. किनाऱ्यावर मेलेला तुकडा सापडला तरी उचलू नका. वन्यजीव संरक्षण कायद्याने प्रवाळांना संरक्षण आहे आणि विमानतळावर सामान तपासलं जातं.

खाली असताना थांबावंसं वाटलं तर कुठल्याही क्षणी वर येण्याची खूण करा. कारण सांगायची गरज नाही, पैसे वाया जातील म्हणून रेटायचं नाही, आणि मुलासमोर कमीपणा तर मुळीच नाही. हे त्यालाही आधी सांगून ठेवा, म्हणजे त्याला स्वतःला थांबायचं असेल तर तोही संकोचणार नाही.

शेवटी तुमच्या मुलाने कॅमेऱ्याचं विचारलंय. पहिल्या चार डाइव्हना कॅमेरा नाही. हातात कॅमेरा असला की नजर पडद्यावर जाते, श्वास रोखला जातो आणि नकळत वर तरंगायला होतं. फोटो सेंटरवाले काढतात. त्याला लिहायला आवडत असेल तर डाइव्हची वही करून द्या : तारीख, जागा, खोली, किती वेळ, टाकीत किती हवा उरली आणि काय दिसलं. तिकिटं काढण्याआधी डॉक्टरांचं उत्तर, त्याचे न थांबता २०० मीटर झाले का, आणि तुमचा उघड्या नाकाचा सराव कुठवर आला, हे तीन मला कळवा. मग तारखा पक्क्या करू.